सहा जोड

डोळे मिटा पाहू. घट्ट नको, अलगद मिटा. आता मनातल्या मनात एक खोली उभी करा. लहानशी, एकच खिडकी असलेली. खिडकीवर जाड रजई टांगली आहे, भिंतींवर जुनी ब्लँकेटं, दाराच्या फटीत गुंडाळलेला टॉवेल. टेबलापाशी एक बाई बसली आहे आणि मोठ्याने वाचते आहे. ओरडून नव्हे, समोर कुणीतरी बसलं आहे आणि त्याला नीट कळायला हवं, अशा बेताने. तिच्या तोंडासमोर माईक आहे. एक वाक्य वाचून ती क्षणभर थांबते. त्या थांबण्यात तुम्हाला काय ऐकू येतं?

काहीच नाही, असं म्हणाल. पुन्हा ऐका. टेबलाशेजारून येतं आहे बघा. घूंऽऽ. बाटलीत माशी अडकल्यासारखं. तो कॉम्प्युटरचा पंखा आहे. आपल्या कानांना त्याची सवय होते आणि ते तो आवाज सोडून देतात. माईक काहीच सोडत नाही. ऐकेल ते सगळं इमानेइतबारे टिपून ठेवतो.

आता डोळे उघडा. त्या पंख्याने त्या बाईचं काम घालवायची वेळ आणली होती, आणि ते कसं वाचवायचं हे ठरवणारी तिची मुलगी होती अकरा वर्षांची.

मुलीला घरात किंतू म्हणत. हे नाव आजोबांनी दिलेलं. तिला काहीही सांगा, तिचं उत्तर ‘पण’ने सुरू व्हायचं. जेवायला ये म्हटलं तर पण, झोप म्हटलं तर पण. आजोबा म्हणायचे, ही जन्मली तेव्हा रडायच्या आधी ‘पण’ म्हणाली असणार, डॉक्टरांनी लक्ष दिलं नाही इतकंच.

घरात तिघंच. आई, आईचे वडील म्हणजे आजोबा, आणि किंतू. आईचं काम तुम्ही आत्ता पाहिलंत. दृष्टी नसलेल्या मुलांसाठी ती शाळेची पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. एका संस्थेने तिला विज्ञानाच्या पुस्तकातले तीन धडे नमुन्याला दिले होते. ते पसंत पडले तर वर्षभराची सगळी पुस्तकं तिच्याकडे येणार होती. पहिल्यांदा पाठवलेले धडे परत आले. दुसऱ्यांदाही आले. संस्थेच्या बाईंनी फोन करून सांगितलं की आवाज गोड आहे, वाचणं स्वच्छ आहे, पण मुलं विचारतात की या बाईंच्या मागे मधमाशी का गुणगुणते आहे. “आमची मुलं कानांनीच बघतात हो,” बाई म्हणाल्या. तिसऱ्यांदा शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत धडे यायला हवेत, नाहीतर काम दुसऱ्या कुणालातरी द्यावं लागेल, हेही त्यांनी तितक्याच गोडीने सांगितलं.

कॉम्प्युटर दुसऱ्या खोलीत ठेवावा, तर घरात दुसरी खोली म्हणजे स्वयंपाकघर, आणि तिथे फ्रीज. किंतूने आपल्या परीने एक उपाय करून पाहिला होता. आई वाचत असताना तिने कॉम्प्युटरच्या पेटीवर हळूच चादर पांघरली. घूं कमी झाली खरी. दहा मिनिटांनी पेटी तापून बंद पडली आणि अर्धा धडा गेला. आई रागावली नाही. तिने नुसतं चादरीकडे पाहिलं, आणि ते किंतूला जास्त लागलं.

मग तिने मामाला फोन केला. हा कॉम्प्युटर मुळात मामाचाच. तो हलत्या चित्रांचं काम करायचा, म्हणून यंत्र दणकट, आणि दणकट म्हणून तापट. मामाने सगळं ऐकून घेतलं आणि तिला एक प्रश्न विचारला. तापलेल्या तव्यावर फुंकर घालशील की पाणी शिंपडशील? किंतू म्हणाली, पाणी, पण कॉम्प्युटरवर कसं शिंपडणार? मामा हसला. शिंपडायचं नाही, फिरवायचं, तो म्हणाला. कॉम्प्युटरच्या तापणाऱ्या भागावर एक पोकळ चकती बसवायची. पंप तिच्यातून पाणी फिरवतो. पाणी उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरपर्यंत नेतं, तिथे दोन मोठे पंखे ते गार करतात, आणि गार पाणी परत येतं. लहान पंख्याला वारा द्यायला गरगर फिरावं लागतं, म्हणून तो ओरडतो. मोठा पंखा संथ फिरूनही तेवढाच वारा देतो, म्हणून गप्प असतो. मामाकडे असा जुना संच माळ्यावर पडून होता. दोन दिवसांत तो खोक्यातून घरी आला: पंप, पाण्याची टाकी, पंख्यांसकट रेडिएटर, चकती, हातभर नळ्या आणि एका पिशवीत नळ्या बसवायचे सहा चकचकीत जोड. माहितीचा कागद नव्हता.

आईने खोकं पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. विजेच्या यंत्रात पाणी. तिने एकच अट घातली. पेटीत पाण्याचा एक थेंब जरी दिसला, तरी सगळं गुंडाळायचं.

“थेंब?” आजोबा खुर्चीतून म्हणाले. “चाळीस वर्षं मी लोकांच्या घरात पाणी फिरवलं. एका पेटीत फिरवायला काय लागतं?”

आजोबा प्लंबर होते. होते म्हणायचं, कारण दोन वर्षांपूर्वी त्यांचे हात थरथरायला लागले आणि कामं येणं थांबलं. तेव्हापासून ते खिडकीशी बसून रस्त्यावरून जाणाऱ्यांवर शेरे मारायचे. दाढी चार-चार दिवस वाढलेली असायची. पण खोकं आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुळगुळीत दाढी करून, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. पिशवीतला प्रत्येक पाना त्यांनी तेल लावून पुसला होता. किंतूने ते पाहिलं आणि लक्षात ठेवलं.

आठ दिवस दोघांनी आराखडा केला. किंतूने वहीत पेटीचं चित्र काढलं, आजोबांनी त्यात चुका काढल्या. त्यांच्या चुका काढण्यात शिकवणं असायचं. टाकी पंपाच्या वर हवी, का? कारण पंपाला कधी कोरडं ठेवायचं नाही, कोरडा फिरला की मेला. नळीला एकदम कोपरा द्यायचा नाही, का? पाण्याला वळायला जागा लागते, तुझ्या सायकलला लागते तशी. हवा नेहमी सगळ्यांत उंच जागी जाऊन बसते आणि गुडगुड करते, म्हणून पाणी भरताना पेटी हळूहळू कलती करायची, बाळाला ढेकर काढतात तशी. पंपाखाली स्पंजचा तुकडा हवा, नाहीतर त्याची थरथर पत्र्याला लागते आणि पत्रा गायला लागतो. “थरथर माझ्याकडे पुरेशी आहे,” आजोबा म्हणाले, “यंत्राला वेगळी नको.”

सहा जोडांना किंतूने एक ते सहा आकडे दिले. टाकीकडे दोन, चकतीला दोन, रेडिएटरला दोन. मामाने फोनवर सांगितलेली एक गोष्ट तिने वहीत चौकट करून लिहिली होती: जोड हाताने घट्ट करायचे. पाना नाही, टेप नाही. रबरी कडं आहे, तेच पाणी धरतं.

शुक्रवारी सकाळी सातला जुना पंखा काढला आणि जोडणी सुरू झाली. बेत असा होता की शुक्रवारी जोडायचं, पूर्ण एक दिवस नुसता पंप फिरवून तपासायचं, आणि शनिवारी सकाळी आईने वाचायचं. पंपासाठी मामाने वेगळा अडॅप्टर दिला होता, त्यामुळे कॉम्प्युटर बंद ठेवून पाणी फिरवता येत होतं.

आजोबांनी पहिला जोड उचलला, पिशवीतून पांढऱ्या टेपची चकरी काढली आणि जोडाच्या आट्यांवर टेप गुंडाळायला लागले. प्लंबर लोक नळाला गुंडाळतात तीच, पातळ, सायीसारखी.

“पण आजोबा,” किंतू म्हणाली, “मामाने टेप नको सांगितलीय. रबरी कडं आहे ना.”

“तुझा मामा चित्रं हलवतो,” आजोबा म्हणाले. “पाणी मी हलवतो. टेपशिवाय जोड म्हणजे नाड्यांशिवाय बूट.”

किंतूने पुन्हा तोंड उघडलं. वहीची चौकट तिच्या समोरच होती. तेवढ्यात तिचं लक्ष आजोबांच्या हातांकडे गेलं. चहाचा कप धरताना बशी वाजवणारे ते हात टेप गुंडाळताना मुळीच हलत नव्हते. एकावर एक, पाच वेढे, केसभरही इकडेतिकडे नाही. आजोबा जिभेचं टोक बाहेर काढून कामात बुडाले होते. किंतूने तोंड मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिने दुसरा ‘पण’ गिळला.

सहाही जोड टेप लावून बसले. शेवटी आजोबांनी प्रत्येकाला पान्याने पाव आटा जास्त दिला. मग डिस्टिल्ड पाणी भरलं, पेटीला ढेकर काढायला लावले आणि पंप सुरू केला. सगळ्यांनी कान लावले. स्पंजवर बसलेला पंप आहे की नाही, हे हात लावल्याशिवाय कळत नव्हतं.

गळती ओळखण्यासाठी आजोबांची एक जुनी युक्ती होती. टिश्यू पेपरवर त्यांचा विश्वास नव्हता; कागद ओला झाला तर कुठून झाला ते सांगत नाही, म्हणायचे. त्यांनी किंतूचा शाळेचा खडू किसला आणि कापसाच्या बोळ्याने त्याची पूड प्रत्येक जोडाभोवती चोपडली. कोरडा जोड पांढराच राहतो. सुईच्या टोकाएवढं पाणी आलं तरी पूड करडी पडते, आणि नेमकी कुठे ते दिसतं. सहा जोड पांढरे झाले. आठ वाजले होते. उद्या आठपर्यंत पांढरे राहायला हवे होते.

दहा वाजता फोन आला. संस्थेच्या बाई होत्या. आईने फोन कानाला धरला आणि भिंतीचा आधार घेतला, म्हणून किंतूला आधीच कळलं. काम ठरवणाऱ्यांची बैठक उद्याऐवजी आज सहाला होती. धडे आज पाचपर्यंत हवे होते. दोन धडे लहान होते, ते आईने गेल्या आठवड्यात मामाच्या ऑफिसात जाऊन रेकॉर्ड करून ठेवले होते. पण तिसरा, सगळ्यांत मोठा, चाळीस पानांचा धडा बाकी होता. मामा तर आता गावाला गेला होता आणि ऑफिसला कुलूप.

आईने आजोबांना विचारलं. आजोबांनी विजेरी घेऊन सहाही जोड पाहिले. “दोन तास झाले. गळायचं असतं तर एव्हाना दिसलं असतं. तू वाच.”

“किंतू?” आईने विचारलं.

वहीत लिहिलं होतं, पूर्ण एक दिवस. किंतूने ते बोटाने दाखवलं. पण बोट वहीवर होतं आणि मन टेपवर. आई म्हणाली, दिवस कुठून आणू, राणी? आणि तिने कॉम्प्युटर सुरू केला.

वाचताना खोलीत कुणी बोलायचं नाही, म्हणून त्यांच्या खुणा ठरलेल्या होत्या. पंजा उघडला म्हणजे सुरू कर. मूठ वर केली म्हणजे थांब. आजोबा दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, म्हणजे कुणी बेल वाजवायला नको. किंतू पेटीजवळ जमिनीवर बसली. पेटीची एक बाजू उघडी होती. हातात विजेरी. तिने पंजा उघडला, आणि आईने वाचायला सुरुवात केली.

धडा मधमाश्यांचाच होता. संस्थेच्या बाईंना मधमाशी त्यावरूनच सुचली असावी. पण पहिलं वाक्य संपून आई थांबली तेव्हा किंतूच्या अंगावर काटा आला. त्या थांबण्यात खरंच काही नव्हतं. घूं नाही, घरघर नाही. आईच्या हातातलं पान वळलं त्याचा आवाज उशाशी कुणीतरी कुजबुजावं इतका जवळून आला. आईच्या कानांवर हेडफोन होते, त्यात तिला माईकचं सगळं ऐकू येत होतं. ती किंतूकडे न वळता हसली, ते तिच्या आवाजात कळलं.

किंतू एक ते सहा विजेरी फिरवत होती. पांढरा, पांढरा, पांढरा. पुन्हा एक ते सहा. प्रत्येक पान संपलं की आई एक बटण दाबून तेवढं साठवून ठेवायची. पाच पानं झाली. दहा झाली. पेटीतून ऊब यायला लागली होती. पाणी आता आपलं काम करत होतं, तापत होतं, गार होत होतं. पंधरा पानं. किंतूची पाठ दुखायला लागली. तिने स्वतःला सांगितलं की चाळीस वर्षं काम केलेल्या माणसाला कळत असणारच.

आणखी पंचवीस मिनिटांनी तिने चौथ्या जोडावर विजेरी धरली तेव्हा पूड करडी होती.

आधी तिला वाटलं, सावली पडली असेल. तिने विजेरी दुसऱ्या बाजूने धरली. सावली जागची हलली नाही. चौथा जोड चकतीचा होता, पेटीच्या मधोमध. त्याच्या खाली, वीतभर अंतरावर, कॉम्प्युटरचं सगळ्यांत महागाचं कार्ड आडवं पसरलेलं होतं, आणि त्यातून वीज वाहत होती. करड्या पुडीच्या खालच्या कडेला काहीतरी चमकलं. मोहरीएवढं. ती पाहत असतानाच ते ज्वारीएवढं झालं.

किंतूने मूठ वर केली. पण आईची तिच्याकडे पाठ होती, आणि डोळे पुस्तकात. आई तेविसावं पान वाचत होती. आवाज छान लागला होता. आई असं वाचायला लागली की किंतूसुद्धा गोष्ट ऐकायची विसरून नुसता आवाज ऐकायची. आता बोललं तर हे पान गेलं. यंत्र बंद करायला लावलं तर आईची अट होती, सगळं गुंडाळायचं. मग जुना पंखा, मग घूं, मग काम गेलं. आणि दाराबाहेर आजोबा दाढी करून बसले होते. न बोलावं तर कदाचित थेंब तिथेच लटकून राहील. सतरा पानांचा तर प्रश्न होता.

थेंब मण्याएवढा झाला आणि लांबट व्हायला लागला.

किंतूने एक हात पेटीत घालून तळवा थेंबाखाली धरला. श्वास घेतला. आणि त्या सुंदर, आठ दिवस घाम गाळून मिळवलेल्या शांततेत ती स्पष्ट म्हणाली,

“आई, थांब. पाणी गळतंय.”

आईचा हात सवयीने साठवायच्या बटणावर गेला. दुसऱ्याच क्षणी किंतूने मोकळ्या हाताने भिंतीवरचं बटण बंद केलं. पडदा काळा झाला. थेंब तिच्या तळव्यावर पडला. कोमट होता.

आजोबा आत आले. गुडघे टेकून त्यांनी विजेरी घेतली आणि चौथा जोड पाहिला. मग पुन्हा त्यांचे हात थरथरायला लागले.

आई उभीच होती. घड्याळात पावणेबारा वाजत होते. ती म्हणाली की अट ठरली होती. जुना पंखा बसवायला किती वेळ लागेल?

“चूक माझी आहे,” आजोबा म्हणाले. “पोरीने सांगितलं होतं टेप नको म्हणून. मी ऐकलं नाही.”

“मी एकदाच सांगितलं,” किंतू म्हणाली. “दुसऱ्यांदा सांगायला हवं होतं. मला माहीत होतं.”

“मग का नाही सांगितलंस?”

किंतूने आजोबांच्या हातांकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. पण आजोबांनी ती नजर पकडली. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग हळूहळू निवळला.

“असं होय,” ते म्हणाले. “माझी काळजी घेत होतीस. बरं. यापुढे माझी काळजी घेऊ नकोस, जोडाची घे. मी गळलो तर कार्ड भिजत नाही.”

आईला हसू आलं, नको असताना. त्या हसण्यातच किंतूने वही उघडली आणि भराभर बोलायला सुरुवात केली, आणि तिचं प्रत्येक वाक्य ‘पण’ने सुरू होत होतं. जुना पंखा बसवता येईल, पण मग आवाज परत येईल. गळती झाली, पण एकाच जोडाची, आणि तीसुद्धा पाणी तापल्यावर. आजोबांनी आयुष्यभर धातूचे नळ जोडले, त्यांना टेप लागते. पण चकतीची वरची बाजू प्लास्टिकची आहे. टेपमुळे रबरी कडं सपाट बसलंच नव्हतं, आणि प्लास्टिक ऊब लागून जरा फुगलं तशी फट झाली. टेप काढून हाताने बसवलं तर राहील. राहील की नाही ते बघता येईल. पण या वेळी थंड पाण्याने तपासायचं नाही. गरम झाल्यावर गळतं, तर गरम पाण्यानेच तपासायचं.

आजोबांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू ती आत्ताच दारातून आत आली आहे. “हे मला सुचायला हवं होतं,” ते पुटपुटले.

आईने घड्याळ पाहिलं. मग खुर्ची मागे सरकवली आणि विचारलं, पाणी कुठल्या पातेल्यात तापवू?

पुढचे पावणेचार तास तिघंही त्या पेटीभोवतीच होते. पेटी आडवी करून पाणी काढलं. आईने कार्ड बाहेर काढून टेबलफॅनपुढे धरलं, जरी त्याच्यावर एक थेंबही पडला नव्हता. आजोबा एकेक जोड सोडवून देत होते आणि आट्यांवरची टेप नखाने, धागाही न ठेवता, काढत होते. पाच वेढे, सहा जोड. स्वतः इतक्या सुबक गुंडाळलेल्या टेपचा चोळामोळा त्यांनी खिशात टाकला. मग प्रत्येक जोड त्यांनी किंतूच्या हातात ठेवला.

“तू लाव,” ते म्हणाले. “माझ्या हाताला पाव आटा जास्त द्यायची खोड आहे. ती या वयात जात नाही.”

किंतूने हाताने जोड फिरवले. रबरी कडं टेकलं की बोटांना कळत होतं; एकदम मऊ अडल्यासारखं व्हायचं. तिथे थांबायचं. सगळ्यांत अवघड ते थांबणंच होतं. आजोबा शेजारी बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरत होते.

हाताला सोसेल इतकं कोमट पाणी भरलं. पेटीला पुन्हा ढेकर काढायला लावले. किंतूने नवा खडू किसला. दीड वाजता पंप सुरू झाला. दोन वाजता सहाही पांढरे. पाणी निवलं तसं काढून पुन्हा कोमट भरलं. अडीच वाजता पांढरे. तीन वाजता आई म्हणाली, आता? किंतूने मान हलवली, अजून नाही. आई नखं खायला लागली, जी सवय तिने किंतूला मारून मुटकून सोडायला लावली होती. तेविसावं धरून अठरा पानांना एक तास, चुकलंमाकलं परत वाचायला वीस मिनिटं, पाठवायला दहा. किंतूने हिशोब करून ठेवला होता. साडेतीनपर्यंत थांबता येतं. त्याआधी एक मिनिटही सुरू करायचं नाही.

साडेतीनला तिने कार्ड जागेवर बसवलं आणि भिंतीवरचं बटण सुरू केलं. पडदा उजळला. आजोबांनी डोळे मिटून घेतले होते, त्यातला एक उघडून पाहिला, मग दुसरा.

आईने आधी सकाळचं रेकॉर्डिंग कुठे तुटलं ते शोधलं. तिने आवाज मोठा केला. तेविसावं पान, मधमाश्या पोळ्यात ऊब कशी राखतात ते, आणि मग वाक्याच्या मधोमध किंतू. ‘आई, थांब. पाणी गळतंय.’ इतकं स्वच्छ, की बोलण्याआधी तिने श्वास घेतलेलासुद्धा ऐकू येत होता. मागे काही म्हणजे काही नव्हतं.

आईने ते दोनदा ऐकलं. मग तिने तेवढा तुकडा कापून बाजूला ठेवला, पुसला नाही. तेविसावं पान पहिल्यापासून उघडलं, घोटभर पाणी प्यायली, हेडफोन चढवले. आजोबा दाराबाहेर गेले आणि टॉवेल फटीत सारला. या वेळी आई खुर्ची फिरवून बसली होती, पुस्तकाच्या वरून पेटी दिसेल अशी.

ती किंतूकडे बघत थांबली.

किंतूने विजेरी लावली. एक, दोन, तीन. चौथ्यापाशी ती जास्त वेळ थांबली. वाकून, नाक जवळजवळ नळीला टेकवून पाहिलं. पाच, सहा. मग पुन्हा चौथा, या वेळी बोटाने. बोट वर करून तिने आईला दाखवलं. त्याला नुसता कोरडा खडू लागला होता.

मग तिने तोच हात आणखी वर नेला, आणि पंजा उघडला.